राजाचे पलायन आणि रयतेची क्रांती

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, जुमेरा लेक टॉवर्स येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा माझ्या कन्येने तो माझ्यावर लादला, असे म्हणणे अधिक खरे होईल. ती नववीत असताना शाळेत तिला फ्रेंच राज्यक्रांतीवर प्रकल्प करावयाचा होता. येथून जवळच असलेल्या आमच्या घरी, बाविसाव्या मजल्यावर, ती कात्री आणि डिंक घेऊन बसली होती. फ्रान्सचा राजा वेषांतर करून सहकुटुंब पळाला आणि एका साध्या माणसाने त्याला ओळखल्यामुळे पकडला गेला, हा प्रसंग तिने वाचला आणि मान वर करून मला विचारले, "पप्पा, आपल्याकडे कधी राजा पळाला होता का? आणि त्याला आपल्या लोकांनी अडवले होते का?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "हो. दुसरा बाजीराव पळाला होता. आणि १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला आपल्या लोकांनी त्याला अडवले." तिने ते लिहून घेतले. माझे आजोळ शिरूर तालुक्यातले. लहानपणी १ जानेवारीला आजीचे बोट धरून मी स्तंभाला जात असे. त्यामुळे हे उत्तर माझ्या तोंडी तयारच होते. परंतु त्या रात्री मला झोप येईना. मी मुलीला जे सांगितले ते असत्य नव्हते, पण पूर्ण सत्यही नव्हते, असे मनाला बोचत राहिले. त्यानंतर सवड मिळेल तसे मी वाचीत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम फ्रान्सची हकीकत. १७८९ साली क्रांतीला प्रारंभ झाला, मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, राजा सोळावा लुई याला व्हर्सायहून पॅरिसला आणून त्विलरीच्या राजवाड्यात ठेवण्यात आले. नावाला तो राजा होता, प्रत्यक्षात नजरकैदी. २० जून १७९१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास राजा, राणी मारी आंत्वानेत, त्यांची दोन मुले आणि राजाची बहीण असे सारे कुटुंब गुपचूप राजवाड्याबाहेर पडले. ही योजना आखण्यात राणीचा स्वीडिश स्नेही काउंट फेर्सन याचा मोठा हात होता. पूर्व सरहद्दीजवळ माँमेदी येथे राजनिष्ठ सेनापती बुइये फौज घेऊन वाट पाहत होता, तेथे पोहोचावयाचे होते. पासपोर्ट काढला होता एका रशियन उमराव स्त्रीच्या, बॅरोनेस द कोर्फ हिच्या नावाने. मुलांची सांभाळकर्ती बॅरोनेस झाली, राणी झाली मुलांची शिक्षिका आणि फ्रान्सचा राजा झाला तिचा नोकर. धाकट्या राजपुत्राला मुलीचे कपडे घातले होते. पासपोर्टावरचे नाव आणि माणसाचे खरे नाव यांत अंतर पडले की काय होते, हे आखातात राहणाऱ्या आपल्या मंडळींना मी सांगण्याची आवश्यकता नाही!

गाडी प्रशस्त होती, सामानाने लादलेली होती आणि सावकाश चालली होती. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला, तेव्हा वाटेत ठेवलेल्या सैनिकांच्या तुकड्या कंटाळून किंवा गावकऱ्यांच्या संशयाला भिऊन निघून गेल्या. सेंत मेनू नावाच्या गावी टपालाच्या घोड्यांचे ठाणे होते. तेथील अधिकारी ज्याँ बाप्तिस्त द्रुए याने गाडीतल्या त्या जाडजूड 'नोकराला' पाहिले आणि त्याला शंका आली. गाडी पुढे गेल्यावर तो आपल्या एका सोबत्यासह घोड्यावर बसला, रानातल्या आडवाटेने धावला आणि गाडीच्या आधी व्हारेन या गावी पोहोचला. तेथे त्याने चार लोकांना उठविले. पुलावर सामानाने भरलेली गाडी आडवी लावून वाट बंद केली. गावचा कारभारी सोस हा किराणा मालाचा दुकानदार. त्याने कंदील वर धरून पासपोर्ट मागितला. राजघराण्याने ती रात्र त्या दुकानदाराच्या घरात काढली. चर्चची घंटा वाजू लागली आणि पहाटेपर्यंत आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे जमा झाली. २५ जूनला राजाला पॅरिसला परत आणण्यात आले. सव्वा वर्षाने, सप्टेंबर १७९२ मध्ये, राजेशाही रद्द झाली आणि २१ जानेवारी १७९३ रोजी लुईचा शिरच्छेद झाला. त्याच रात्री दुसऱ्या वाटेने पळालेला राजाचा भाऊ मात्र साध्या गाडीतून सुखरूप ब्रुसेल्सला पोहोचला आणि पुढे अठरावा लुई म्हणून गादीवर बसला. एवढ्यावरून राजाचे दुर्दैव त्याच्या गाडीच्या थाटात होते असे म्हणणारे म्हणोत. मला त्यात फारसे तथ्य वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली. त्या वेळी पेशवे पर्वतीवरून ती पाहत होते. १६ नोव्हेंबरला येरवड्याच्या बाजूने जनरल स्मिथच्या फौजा पुढे सरकल्या आणि त्याच रात्री बाजीरावाने पुणे सोडले. दुसऱ्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते चढविण्याच्या कामी बाळाजीपंत नातू पुढे होते, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तेव्हापासून ३ जून १८१८ रोजी जॉन माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत साडेसहा महिने पेशवा पळत होता. पुण्याहून सातारा, पंढरपूरच्या बाजूस, तेथून उत्तरेस जुन्नरकडे, पुन्हा दक्षिणेस थेट घटप्रभेपर्यंत, परत सोलापूर, मग गोदावरी ओलांडून वऱ्हाडच्या पलीकडे चांद्याच्या रोखाने आणि अखेरीस अशीरगडाजवळ धूळकोट. नकाशावर बोट फिरविले तर बोटही दमते.

त्याला 'पळपुटा बाजीराव' म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला ह्या विशेषणाविषयी थोडे वेगळे वाटते. ज्यांनी ते लावले त्यांचा राग बाजीरावाच्या पळण्यावर होता, त्याच्या राज्यकारभारावर नव्हता. तो उभा राहून लढला असता तर त्या कारभाराबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, असा त्याचा अर्थ होतो.

ह्या पलायनात आणखी एक कुटुंब होते. कायद्याने मराठी राज्याचे धनी पेशवे नव्हते, सातारचे छत्रपती होते. त्यांना पेशव्यांनी कैद्यासारखे ठेवले होते. युद्ध उभे राहताच बाजीरावाने छत्रपती प्रतापसिंह, त्यांच्या मातोश्री आणि बंधू यांना वासोट्याच्या किल्ल्यातून आपल्या तळावर आणविले, जेणेकरून इंग्रजांना त्यांचा उपयोग करता येऊ नये. प्रतापसिंह तेव्हा ऐन पंचविशीतले. शिवछत्रपतींचा वंशज आपल्याच प्रधानाच्या पलायनात सामानासारखा हिंडविला जात होता. फ्रान्समध्ये राजा पळत होता, आपल्याकडे प्रधान पळत होता आणि पळताना राजाला काखोटीस मारून नेत होता.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. पुण्यावर पेशव्याचा हल्ला होईल या भीतीने तेथील अधिकाऱ्याने त्याला मदतीस बोलाविले होते. त्याच्याबरोबर मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, अडीच-तीनशे स्वार आणि दोन तोफा, एकूण आठशेच्या वर माणसे. रात्रभर चालून सकाळी ती कोरेगावजवळ आली तो भीमेच्या पलीकडे पेशव्याची प्रचंड सेना. इंग्रजी वृत्तांतांनुसार २० हजार स्वार आणि ८ हजार पायदळ. लढाई गावात झाली, भिंतीआडून आणि गल्ल्यांतून, दिवसभर. पेशव्याने गावावर पाठविलेल्या तुकड्यांत अरब होते, गोसावी होते. नदी डोळ्यांपुढे असून कंपनीच्या शिपायांना दिवसभर पाणी मिळाले नाही. त्यांची मेलेली, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ माणसे खर्ची पडली, पण गाव सुटले नाही. रात्री पेशव्याच्या फौजेने वेढा सैल केला, कारण मागून जनरल स्मिथ येत असल्याची बातमी होती. स्टाँटन पुण्याला गेलाच नाही, उरलेल्यांना घेऊन शिरूरला परतला.

त्या दिवशीची एक लहानशी गोष्ट ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविली आहे. हा डफ पुढे सातारला इंग्रजांचा रेसिडेंट होता, प्रतापसिंहांशी त्याचा नित्य संबंध होता. बाजीराव आणि छत्रपती नदीपलीकडच्या टेकडीवरून लढाई पाहत होते. ऊन लागू नये म्हणून छत्रपतींनी आफताबगीर धरविली. तेव्हा बाजीरावाने घाबरून ती खाली घेण्याची विनंती केली, नाहीतर इंग्रज तीवर नेम धरून गोळा टाकतील! ज्या राज्यात अस्पृश्याच्या सावलीने रस्ता बाटत असे, त्या राज्याच्या सर्वाधिकाऱ्याला त्या दुपारी सावलीचीच भीती वाटली.

येथे एक प्रश्न काही मंडळी नेहमी उपस्थित करतात, आणि तो टाळणे मला प्रशस्त वाटत नाही. कोरेगावचे शिपाई इंग्रजांचा पगार घेऊन लढले, त्यात कसला अभिमान? तर त्या दिवशी दोन्ही बाजूंचे शिपाई पगारीच होते. पेशव्याकडचे अरब कोणत्या राष्ट्रासाठी लढत होते? दख्खनच्या फौजांतले अरब बहुतांशी हद्रमौतच्या बाजूचे, समुद्र ओलांडून पोटासाठी आलेले. आज त्या भीमेकाठच्या घराण्यांतली माणसे पोटासाठी तोच समुद्र उलट्या दिशेने ओलांडून अरबस्तानात आली आहेत आणि या क्षणी या सभागृहात बसली आहेत. पगार घेऊन इमानाने काम करणे ही लाजेची गोष्ट असेल तर आपण सर्वांनीच उठून जावयास हवे.

परंतु अभिमान आणि इतिहास यांची गल्लत करणेही योग्य नव्हे. कोरेगावला पेशव्याला कोणी 'पकडले' नाही. पेशवाई तेथे संपलीही नाही. त्यानंतर फेब्रुवारीत सातारा पडला, ११ फेब्रुवारी १८१८ ला एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला, २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले मारला गेला आणि तेथेच छत्रपतींचे कुटुंब इंग्रजांच्या हाती आले. आष्टीच्या त्या एका सकाळी एका घराण्याचा सुटकेचा मार्ग खुंटला आणि दुसऱ्या घराण्याची कैद सुटली. सुटली म्हणजे काय, तर तुरुंगाधिकारी बदलला. एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना गादीवर बसविले, १८३९ मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला पाठविले, तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी कित्येक वर्षे लंडनमध्ये खेटे घालीत राहिले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई रायगडावर आश्रयास होती. मे महिन्यात कर्नल प्रॉथरने गडावर तोफगोळे टाकले आणि १० मे १८१८ रोजी गड पडला. तिला सन्मानाने जाऊ देण्यात आले. रायगड हा महाड तालुक्यात आहे, एवढे कृपया ध्यानात ठेवावे.

धूळकोटला काय झाले? माल्कमने बाजीरावाला वार्षिक आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ केले. गव्हर्नर जनरलला ती रक्कम अवास्तव वाटली, पण शब्द गेला होता. पगार थकलेल्या अरबांनी शेवटी आपल्याच धन्याच्या तंबूभोवती वेढा घातला आणि त्यातून त्याला सोडविण्यासाठी माल्कमला धावावे लागले. मग गंगेकाठी ब्रह्मावर्त, स्नानसंध्या, दानधर्म. १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अडीच कोटींहून अधिक रुपये त्याच्या पदरात पडले. लुईचे मस्तक गेले, बाजीरावाला पेन्शन मिळाले. शिरच्छेद व्हावयास हवा होता असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण हा फरक कशामुळे पडला, हे विचारणे भाग आहे.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. द्रुए हा टपालाच्या ठाण्यावरचा माणूस. वाट माहीत असणे हा त्याचा व्यवसाय. कोणती गाडी कोठून आली, कोठे गेली, पुढचे ठाणे किती अंतरावर, रानातून जवळची वाट कोणती, हे त्याला ठाऊक. आपल्या गावगाड्यात हे काम कोणाचे होते? महाराचे. सरकारी माणसाला शिवेपर्यंत वाट दाखविणे, टपाल पुढच्या गावाला पोहोचविणे, शिवेच्या खुणा ध्यानात ठेवणे, गावात कोण आले-गेले याची खबर पाटलाला देणे, ही महाराची वतनी कामे. साडेसहा महिने पेशवा ज्या शेकडो गावांच्या शिवांवरून गेला त्या प्रत्येक गावी वाट माहीत असलेला एक माणूस होता. त्याने वाट अडविली नाही, आणि अडविण्याचा विचार त्याच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते.

का? तो भित्रा होता म्हणून? त्याचेच भाऊबंद कोरेगावच्या गल्लीत पाण्यावाचून दिवसभर लढले, तेव्हा भित्रेपणाचा प्रश्न नाही. द्रुएने राजाला ओळखले हे खरे, पण तेवढ्याने राजा अडला नसता. दोन वर्षांपूर्वी त्याच द्रुएने राजाला ओळखले असते तर टोपी काढून मुजरा केला असता. मधल्या दोन वर्षांत फरक हा पडला होता की, राजाने पळून जाणे हा आपल्या देशाचा प्रश्न आहे आणि देश म्हणजे आपण, असे एका टपालवाल्याला वाटू लागले होते. किराणा दुकानदाराला राजाजवळ पासपोर्ट मागण्याचा आपल्याला अधिकार आहे असे वाटू लागले होते. गाडी पुलावर आडवी होण्यापूर्वी ती त्यांच्या मनात आडवी झाली होती.

आपल्याकडच्या वाटाड्याच्या मनात काय होते, हे आपल्याला एका मुलीने सांगून ठेविले आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. बाजीरावाचे राज्य जाऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती, म्हणजे तिच्या घरातल्या वृद्धांनी ते प्रत्यक्ष भोगलेले होते. तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे मस्तक कापून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि मस्तकाचा चेंडू करून खेळत, असे तिने लिहिले. अस्पृश्याने वाचावयास शिकणे म्हणजे ब्राह्मणाची वृत्ती हिरावणे, असे बाजीरावास वाटे, हेही तिने लिहिले. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावयास लावण्याच्या प्रथेचा निर्देश बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात केला आहे. अशा माणसाला धनी पळून चालला काय आणि राहिला काय, सारखेच. त्याला त्याचे नाव विचारण्याचा अधिकार तर सोडाच, त्याच्या वाटेवर उभे राहण्याचाही अधिकार नव्हता. वाट दाखवावयाची ती दूर अंतरावरून.

म्हणून राजा गेला, पण क्रांती झाली नाही. याचा पुरावा हवा असेल तर १८२१ हे एकच वर्ष पाहावे. त्या वर्षी मार्च महिन्यात कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांत २२ नावे 'नाक' या शब्दाने संपतात. ज्यांना गावात नावाने हाक मारताना शिवी आधी येई, त्यांची नावे दगडात कोरली गेली, ही घटना सामान्य नव्हे. आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, त्याच इंग्रज सरकारने पुण्यात पळून गेलेल्या बाजीरावाच्याच विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पैसा पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतला, विद्यार्थी ब्राह्मण. शिपायाला स्तंभ मिळाला, शाळा मिळाली नाही. खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात हे एल्फिन्स्टनला माहीत होते, तरीही त्यांना विशेष उत्तेजन देण्याबाबत सावध असावे, असा अभिप्राय त्याने १८२४ च्या टिपणात दिला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने अर्ज केला, सरकारने शाळेचीच बाजू घेतली. आणि १८९० नंतरच्या दशकात तर पलटणीचे दारही महारांना बंद झाले. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जावर अर्ज केले. स्तंभ होता तेथेच उभा होता.

माझी आजी स्तंभापाशी गेली की आधी दगडाला हात लावी, मग नावांवरून बोटे फिरवी. तिला अक्षर येत नव्हते. मी मोठ्याने नावे वाचून दाखवीत असे आणि ती प्रत्येक नावाला मान हलवी, जणू हजेरी घेत होती. हा प्रसंग मी भावनेपोटी सांगत नाही. दीडशे वर्षांनंतर, त्याच तालुक्यात, त्या स्तंभावरच्या शिपायांच्या नातसुनेला आपल्या माणसांची नावे वाचता येत नव्हती, ही वस्तुस्थिती सांगतो आहे.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला आले. या तारखेचा आपण उत्सव करतो, आणि करावाच. पण मला असे वाटते की आपण ते वर्ष अर्धेच पाहतो. १९२७ चे एक टोक कोरेगावला आहे आणि दुसरे टोक महाडला. २० मार्चला हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी पाणी घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरीही जमावाने हल्ला केला आणि नंतर शेणागोमूत्राने तळ्याची 'शुद्धी' झाली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी केलेल्या भाषणाची सुरुवात आपल्यापैकी कितीजणांनी काळजीपूर्वक वाचली आहे? मी स्वतः पन्नाशी उलटेपर्यंत वाचली नव्हती, हे कबूल करतो. त्यांनी महाडच्या मांडवाची तुलना केली ती १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी! त्या सभेची इतिहासकारांनी किती निंदा केली, तिच्या हातून राजा-राणीचा वध आणि सरदारांचा संहार कसा झाला, हे त्यांनी लपविले नाही. पण तिने समाजाची रचना समतेच्या पायावर नव्याने करण्याचे जे कार्य केले तेच आपले कार्य आहे, आपण केवळ पाणी पिण्यासाठी जमलो नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जमलो आहोत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच परिषदेने जन्मसिद्ध मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, त्याच रात्री मनुस्मृती जळाली.

पुढे ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. या दोन विधानांत काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. महाडला त्यांनी फ्रान्सकडून तत्त्व घेतले नव्हते, उदाहरण घेतले होते. साध्या माणसांची सभा आपल्या समाजाचे नियम स्वतः बदलू शकते, याचे ते उदाहरण. कोरेगावचे शौर्य त्यांना ठाऊक होते, त्याचा त्यांना अभिमान होता, परंतु वर्षअखेर जेव्हा नव्या आरंभासाठी दाखला देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी लढाईचा दाखला न देता सभेचा दिला.

आणि ती सभा कोठे भरली? ज्या तालुक्यातल्या गडावर पळत्या पेशव्याच्या कुटुंबाने शेवटचा आश्रय घेतला होता, त्याच तालुक्याच्या गावी. त्या सभेला आलेल्यांत वतनी काम करणारी, रोज साहेबाला आणि मामलेदाराला वाट दाखविणारी माणसे होती. १८१८ मध्ये त्यांच्या पणजोबांनी मुकाट्याने वाट दाखविली होती. १९२७ मध्ये हे वाटाडे स्वतः त्या वाटेने चालत तळ्यापर्यंत गेले. व्हारेनच्या पुलावर जे १७९१ मध्ये घडले ते आपल्याकडे घडावयास १३६ वर्षे जास्त लागली. पळता राजा समोर नव्हता, इंग्रज कलेक्टर होता, दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम होता आणि काठीवाले गावकरी होते. म्हणून हे काम फ्रान्सपेक्षा अधिक अवघड होते, असे माझे मत आहे. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात जिंकावयास १९३७ चा मार्च महिना उजाडला. पासपोर्ट विचारण्याइतकी ती सोपी गोष्ट नव्हती.

हे सारे वाचून झाल्यावर मी माझ्या कन्येजवळ गेलो. प्रकल्प केव्हाच शाळेत जमा झाला होता, त्याला गुणही चांगले मिळाले होते आणि ती दहावीत गेली होती. मी तिला सांगितले, "बेटा, मी तुला दिलेले उत्तर दुरुस्त करावयाचे आहे." तिने जुनी वही काढली. मी बोलत असताना तिने मध्येच विचारले, "म्हणजे कोरेगाव खोडून टाकू का?" मी म्हणालो, "नाही, मुळीच नाही." तेव्हा तिने ती ओळ तशीच ठेविली, तिच्यापुढे पेन्सिलीने एक बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी लिहिले: २५ डिसेंबर १९२७, महाड.



जय भीम.